कंकणाकृती ग्रहण

कंकणाकृती सूर्यग्रहणात चंद्रबिंब सूर्याला पुरते झाकू शकत नाही. कडेने तेजाचे सोनेरी कंकण झळकत राहते आणि आतला सारा गाभा काळाठिक्कर असतो. तात्सुझो इशिकावा या जपानी कादंबरीकाराने 1966 साली आपल्या कादंबरीला ‘किन्कान्शोकु’ हे नाव दिले. त्या शब्दाचा अर्थ हाच. 1975 साली दिग्दर्शक सात्सुओ यामामोतो यांनी याच नावाने तिच्यावर चित्रपट केला. वरून ऐश्वर्याचे कंकण आणि आत कुजलेला अंधार, हे जपानच्या तत्कालीन सत्ताकारणाचे चित्र त्यांनी अडीच तासांत पडद्यावर उभे केले. चित्रपटाला आता अर्धशतक लोटले आहे. तरीही राजकीय कार्यकर्त्याने तो पाहावा आणि त्याने अस्वस्थ व्हावे, असे त्यात बरेच काही आहे. मात्र ते अस्वस्थ होणे कोणत्या दिशेने जाते, हा खरा प्रश्न आहे.

कादंबरीकार आणि दिग्दर्शक हे दोघेही सत्तेची झळ सोसलेले होते. इशिकावा यांनी 1938 साली नानजिंगच्या मोहिमेतील जपानी सैनिकांच्या क्रूर वर्तनाचे जिवंत चित्रण केले. त्या लेखनावर बंदी आली, खटला झाला आणि त्यांना चार महिन्यांची स्थगित शिक्षा झाली. यामामोतो हे साम्यवादी विचारांचे. तोहो चित्रसंस्थेतील कामगारांचा 1948 चा संप मोडण्यासाठी अमेरिकन रणगाडे स्टुडिओच्या दाराशी येऊन उभे राहिले होते, आणि त्या लढ्यानंतर ज्यांना संस्थेबाहेर पडावे लागले त्यांत यामामोतो होते. पुढे स्वतंत्र निर्मितीच्या हलाखीत त्यांनी ‘व्हॅक्यूम झोन’सारखा लष्करी बराकीतील अमानुषता दाखविणारा चित्रपट केला. ज्या दाइएइ संस्थेने ‘किन्कान्शोकु’ काढला तिचेही 1971 साली दिवाळे निघाले होते आणि 1974 साली ती पुन्हा उभी राहिली होती. अशा माणसांच्या हातून आलेल्या कलाकृतीत सत्तेविषयी भाबडेपणा नाही, हे ओघानेच आले.

कथेचा आरंभ सत्ताधारी पक्षाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीने होतो. जो पक्षाध्यक्ष तोच पंतप्रधान, असा जपानमधील रिवाज. तेव्हा पक्षाच्या काही शे मतदारांची मते म्हणजे देशाचे सिंहासन. ही मते रोख पैशाने विकत घेतली जातात आणि तेरादा पंतप्रधान होतो. विजयाचा गुलाल खाली बसण्यापूर्वीच कर्जाचा प्रश्न उभा राहतो. मंत्रिमंडळाचा मुख्य चिटणीस होशिनो हा थंड डोक्याचा, मोजके बोलणारा मुत्सद्दी आहे. ही भूमिका तात्सुया नाकादाई यांनी केली आहे. तो आपला माणूस इशिहारा नावाच्या बड्या सावकाराकडे गुपचूप पाठवितो. म्हातारा सावकार पैसे देत नाही. परंतु सरकारचा माणूस आपल्या उंबऱ्याशी आला, यावरूनच तो ताडतो की लवकरच कोठून तरी मोठी रक्कम उकळली जाणार. तो आपली माणसे मागावर सोडतो.

ती रक्कम एका धरणातून येते. सरकारी वीजनिर्मिती कंपनीला एका नदीवर मोठे धरण बांधावयाचे असते. ताकेदा नावाच्या बांधकाम कंपनीला ते काम हवे असते. वीज कंपनीचा अध्यक्ष त्याला तयार नसतो. म्हणून पंतप्रधानांच्या पत्नीच्या नावाचे एक भेटपत्र त्याच्याकडे पोहोचते. एवढ्यानेही तो बधत नाही, तेव्हा मुदत संपण्यापूर्वीच त्याला पायउतार व्हावे लागते. त्यानंतरची निविदा हा या कथेचा मर्मबिंदू आहे. सर्वांत कमी दर देणाऱ्यास काम मिळावे, हा निविदेचा सर्वमान्य संकेत. येथे मात्र एक किमान मर्यादा आधीच आखलेली असते. तिच्या खालचे दर ‘अवास्तव’ ठरवून बाद केले जातात आणि जिचा दर सर्वांत चढा त्याच ताकेदा कंपनीच्या गळ्यात माळ पडते. नियमाचा भंग कोठेच झालेला नसतो. नियम तेवढा हवा तसा घडविलेला असतो. चढ्या दरातला वरकड भाग देणगी होऊन पक्षाच्या तिजोरीत येतो आणि निवडणुकीचे कर्ज फिटते.

यापुढे कथा वेग घेते. सावकाराने जमविलेली माहिती सत्ताधारी पक्षाच्याच कामिया नावाच्या एका बेडर खासदाराच्या हाती जाते. रेन्तारो मिकुनी यांनी रंगविलेला हा कामिया संसदीय समितीत एकेका साक्षीदाराची साले काढतो, तेव्हा प्रेक्षकाला वाटते की आता सत्य बाहेर येणार. परंतु मुख्य चिटणीसाच्या खाजगी सचिवाचा उंच इमारतीवरून पडून मृत्यू होतो. प्रकरणाचा पाठपुरावा करणाऱ्या एका लहान वृत्तपत्राच्या संपादकाचा खून होतो. पंतप्रधान आजारपणामुळे पद सोडतो आणि निवडणुकीत हरलेला त्याचा प्रतिस्पर्धी गादीवर येतो. आता तरी जुन्या गटाची पापे उघडी पडावीत, तर नवा पंतप्रधान ती झाकून टाकण्यातच शहाणपण मानतो. सावकार गजाआड जातो. बेडर खासदाराचे तोंड पैशाने बंद होते. धरण उभे राहते आणि ग्रहणाचे कंकण पूर्ववत झळकू लागते.

ही केवळ कल्पनेची भरारी नव्हती. फुकुई प्रांतातील कुझुर्यू नदीवरील धरणाचे कंत्राट 1965 साली जपानी संसदेत गाजले होते. तो प्रश्न उपस्थित करणारा सत्ताधारी पक्षाचा खासदार 1966 साली खंडणीच्या आरोपावरून अटकेत गेला. खाजगी सचिवाचा मृत्यू आणि संपादकाचा खून या दोन्ही घटनाही त्याच काळातल्या. धरणाच्या व्यवहाराशी त्यांचा संबंध कोणत्याही न्यायालयात सिद्ध झाला नाही आणि कंत्राटाबद्दल कोणावर खटलाही उभा राहिला नाही. 128 मीटर उंचीचे ते धरण 1968 साली पूर्ण झाले. चित्रपटातील पक्षांतर्गत निवडणुकीलाही वास्तवाचा आधार आहे. 10 जुलै 1964 रोजी उदारमतवादी लोकशाही पक्षाच्या अध्यक्षपदासाठी हायातो इकेदा यांना 242, एइसाकु सातो यांना 160 आणि आइइचिरो फुजियामा यांना 72 मते पडली. त्या निवडणुकीतला एक विनोद आजही सांगितला जातो. दोन गटांकडून पैसे घेणाऱ्या मतदाराला ‘निक्का’ म्हणत आणि तीन गटांकडून घेणाऱ्याला ‘सान्तोरी’, कारण जपानी भाषेत ‘नि’ म्हणजे दोन आणि ‘सान’ म्हणजे तीन. सगळ्यांकडून घेऊन कोणालाच न जागणारा तो ‘ओल्ड पार’. तिन्ही नावे व्हिस्कीची. ज्या देशात मतविक्रीला मद्यांच्या छापांची नावे पडतात, तेथे ती विक्री गुपित उरलेली नसते. ती सर्वांना ठाऊक असलेली रीत झालेली असते.

पडद्यामागून सूत्रे हलविणाऱ्यास जपानी भाषेत ‘कुरोमाकु’ म्हणतात. शब्दशः अर्थ काळा पडदा. काबुकी रंगभूमीवरून हा शब्द राजकारणात आला. या काळ्या पडद्याआडची सर्वांत कुप्रसिद्ध व्यक्ती योशिओ कोदामा. युद्धकाळात चीनमध्ये जपानी नौदलाला माल पुरवून या जहाल राष्ट्रवाद्याने गडगंज संपत्ती केली. युद्धगुन्हेगारीच्या संशयावरून तो सुगामोच्या तुरुंगात होता. 1948 साली खटल्याविना सुटला आणि उजव्या पक्षांच्या उभारणीत त्याचा पैसा ओतला गेला. त्याने कोणतेही मंत्रिपद भूषविले नाही, कोणत्याही संसदेला तो उत्तरदायी नव्हता. तरीही कोणाची गादी राहावी आणि कोणाची जावी, यात त्याचा शब्द चाले. लोकशाहीची सर्व बाह्यांगे शाबूत ठेवून तिचा प्राण काढून घेण्याची ही रीत आहे. मतपेटी राहते, सभागृह राहते, भाषणेही होतात. निर्णय तेवढा अन्यत्र, उपाहारगृहांच्या बंद दालनांत होतो.

चित्रपट प्रदर्शित होऊन काही महिने होतात न होतात तोच वास्तवाने त्याच्यावर शिक्कामोर्तब केले. फेब्रुवारी 1976 मध्ये अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे लॉकहीड या विमान कंपनीने जपानमध्ये विमाने खपविण्यासाठी वाटलेल्या लाचेचा तपशील बाहेर आला. सुमारे 70 लाख डॉलर कोदामाला मिळाले होते. 27 जुलै 1976 रोजी माजी पंतप्रधान काकुएई तानाका यांना 50 कोटी येनच्या लाचेच्या प्रकरणात अटक झाली. 12 ऑक्टोबर 1983 रोजी टोकियोच्या न्यायालयाने त्यांना चार वर्षांची शिक्षा सुनावली. त्यानंतर दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत निइगाता जिल्ह्यातील त्यांच्या मतदारसंघाने त्यांना 2 लाख 20 हजारांहून अधिक मते देऊन पुन्हा संसदेत पाठविले. अपिलाचा अंतिम निकाल लागण्यापूर्वीच 1993 साली त्यांचा मृत्यू झाला. कोदामाही 1984 साली खटला अपुरा टाकून गेला.

निइगाताच्या मतदाराला मूर्ख म्हणणे सोपे आहे. समाजवादी कार्यकर्त्याने तो मोह टाळला पाहिजे. निइगाता हा हिवाळ्यात बर्फाने कोंडला जाणारा, राजधानीने दीर्घकाळ दुर्लक्षिलेला मुलूख. तेथे रस्ते, बोगदे, पूल आणि वेगवान रेल्वे आणणारा पुढारी तेथील शेतकऱ्याला आपला वाटला, यात नवल नाही. परंतु हेच त्या व्यवस्थेचे वर्म आहे. जे नागरिकाला हक्क म्हणून मिळावयास हवे ते पुढाऱ्याचा प्रसाद म्हणून मिळते, प्रत्येक पुलाच्या खर्चात ठेकेदाराचा आणि पक्षाचा वाटा मिसळलेला असतो, आणि त्याच वाट्याच्या बळावर पुढारी पुन्हा निवडून येतो. भ्रष्टाचार हा या यंत्राला लागलेला गंज नव्हे, यंत्र त्याच वंगणावर चालते. म्हणून ‘किन्कान्शोकु’मधील होशिनो हा खलनायक वाटत नाही. तो कर्तव्यदक्ष अधिकाऱ्यासारखा वागतो. त्याच्या जागी दुसरा कोणी बसविला तरी कर्ज फेडावेच लागेल, धरण द्यावेच लागेल. व्यक्ती बदलून ग्रहण सुटत नाही.

कायद्याचा हात सत्तेच्या दाराशी कसा थबकतो, हेही जपानने पूर्वीच पाहिले होते. 1954 साली जहाजबांधणी कंपन्यांच्या लाचप्रकरणात तत्कालीन सत्ताधारी पक्षाचे सरचिटणीस एइसाकु सातो यांच्या अटकेची तयारी झाली होती. न्यायमंत्री ताकेरु इनुकाई यांनी आपला विशेषाधिकार वापरून ती थांबविली आणि राजीनामा दिला. सातो पुढे 1964 ते 1972 अशी सलग पंतप्रधान राहिले आणि 1974 च्या शांतता पारितोषिकाचे मानकरी झाले. आकिरा कुरोसावा यांनी 1960 सालच्या आपल्या चित्रपटात सरकारी जमीन विकास मंडळ आणि बांधकाम कंपनी यांचे साटेलोटे दाखविले. त्याचा शेवट एका दूरध्वनीने होतो. मंडळाचा उपाध्यक्ष कोणा अदृश्य वरिष्ठाशी अदबीने बोलतो, दूरध्वनीपुढे वाकून नमस्कार करतो. तो वरिष्ठ कोण, हे प्रेक्षकाला कधीच कळत नाही. कनिष्ठ अधिकारी मात्र आत्महत्येला प्रवृत्त केले जातात. दोन्ही चित्रपटांतले हे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे. रहस्य वरचे, मरण खालच्याचे.

यामामोतोंच्या चित्रपटातील एक उणीव मात्र नजरेआड करता येत नाही. त्याचा सारा व्यवहार राजधानीच्या दालनांत घडतो. ज्या खोऱ्यातील घरे आणि शेते पाण्याखाली जातात तो शेतकरी आणि ज्या कामगाराच्या श्रमांवर धरणाची भिंत चढते तो मजूर, यांना या कथेत आवाज नाही. सत्य शोधणारे तिघे कोण, तर एक सावकार, एक खंडणीखोर खासदार आणि एक गल्लीतला पत्रकार. सावकाराला सूड हवा, खासदाराला किंमत हवी, पत्रकाराला खळबळ हवी. लोकांसाठी सत्य हवे असलेला माणूस या पटावर नाही. म्हणूनच सत्य बाजारात येते आणि विकले जाते. विरोधी पक्ष पार्श्वभूमीवर कोठेतरी पुसट दिसतो, इतकेच. प्रेक्षक घरी जाताना म्हणतो, सगळेच चोर. ‘सगळेच चोर’ हे वाक्य वरकरणी बंडखोर वाटते. प्रत्यक्षात सत्ताधाऱ्यांना याहून सोयीचे दुसरे वाक्य नाही. सगळेच चोर असतील तर चोराला जाब विचारण्याचे कारणच उरत नाही.

तथापि चित्रपटातील ही उणीव दिग्दर्शकाची की त्या काळच्या राजकारणाची, याचाही विचार व्हावयास हवा. 1953 साली रंगूनच्या आशियाई समाजवादी परिषदेत ज्यांच्या शेजारी भारतीय समाजवादी बसले होते, त्या जपानी समाजवाद्यांचा पक्ष 1955 पासून देशातील सर्वांत मोठा विरोधी पक्ष होता. संविधानातील युद्धत्यागाच्या कलमाचे त्याने राखण केले. 1960 साली त्याचे अध्यक्ष इनेजिरो आसानुमा व्यासपीठावरच एका उजव्या तरुणाच्या हत्याराला बळी पडले. हे ऋण मोठे आहे. परंतु दीर्घकाळ विरोधात बसल्याने विरोधाचीही एक सवय होते. संसदेतील कामकाजाचे तंटे दोन्ही बाजूंचे पुढारी बंद दालनांत मिटवू लागले. 1988 साली रिक्रूट कंपनीच्या शेअरवाटपाचे प्रकरण उघडकीस आले, त्यात पंतप्रधान ताकेशिता यांचे पद गेले. समाजवादी पक्षाच्याही एका खासदाराला राजीनामा द्यावा लागला. 1989 साली ताकाको दोइ यांच्या नेतृत्वाखाली संतप्त मतदाराने वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत समाजवाद्यांना मोठे यश दिले. पुढे 1994 साली याच पक्षाने ज्यांच्याविरुद्ध चार दशके लढा दिला त्यांच्याशीच हातमिळवणी करून पंतप्रधानपद घेतले. कनिष्ठ सभागृहात 1990 साली 136 जागा असलेला पक्ष 1996 साली 15 जागांवर आला.

याचा बोध कडवट आहे, पण तो पचविलाच पाहिजे. भ्रष्टाचाराविरुद्धचा संताप ही लाट असते, संघटना नव्हे. लाटेवर जागा मिळतात, परंतु लाट ओसरल्यावर वाळूत पाय रोवून उभी राहते ती संघटनाच. ज्या पक्षाजवळ मोहल्ल्यामोहल्ल्यांत, कारखान्याकारखान्यांत हिशेब विचारणारी माणसे नाहीत, त्याच्या हातचे सत्यही शेवटी कामियाच्या कागदपत्रांसारखे सौद्याचे साधन बनते.

उलट उदाहरणही जपाननेच दिले आहे. राजकीय निधीचा कायदा तेथे 1948 पासून आहे. लाचेच्या प्रत्येक प्रकरणानंतर तो कडक झाला आणि प्रत्येक वेळी त्यात नवी पळवाट निघाली. देणग्यांवर बंधने आली तेव्हा पुढाऱ्यांच्या मेजवान्यांची तिकिटे विकण्याची प्रथा फोफावली. 2 लाख येनपर्यंतची तिकिटे घेणाऱ्याचे नाव जाहीर करण्याची गरज नव्हती. 2022 च्या नोव्हेंबरात सत्ताधारी पक्षाच्या गटांनी या उत्पन्नातील रकमा नोंदविल्याच नाहीत, हे प्रथम छापले ते ‘आकाहाता’ या साम्यवादी पक्षाच्या मुखपत्राच्या रविवार आवृत्तीने. त्यासाठी कोणी सावकार, कोणी गुप्त कागद लागला नाही. जाहीर झालेले हिशेब एकमेकांशी ताडून पाहण्याचे किचकट काम तेवढे चिकाटीने केले गेले. मग एका प्राध्यापकाने फौजदारी तक्रार केली, 2023 च्या अखेरीस सरकारी वकील हलले, अनेक गट विसर्जित झाले, नाव उघड करण्याची मर्यादा 50 हजार येनवर आणण्याचे 2024 साली ठरले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सत्ताधारी आघाडीने कनिष्ठ सभागृहातील बहुमत गमावले. एका पक्षपत्राने कोरड्या आकड्यांच्या आधारे काळ्या पडद्याला पाडलेले हे छिद्र आहे.

भारतीय कार्यकर्त्याला यातला धागा ओळखीचा वाटेल. देणगीदाराचे नाव मतदारापासून लपविणारी 2018 ची निवडणूक रोख्यांची योजना सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 रोजी घटनाबाह्य ठरविली आणि नावे उघड झाली. परंतु न्यायालयाने याद्या खुल्या केल्या तरी त्या वाचणारे, कोणाची देणगी आणि कोणाचे कंत्राट यांची तारीखवार सांगड घालणारे, आणि ती सांगड चावडीवर, कामगारांच्या सभेत सोप्या भाषेत मांडणारे हात लागतात. ते हात पक्षाचे असले पाहिजेत. आणि दुसऱ्याचे हिशेब मागण्याचा अधिकार ज्याचे स्वतःचे हिशेब खुले आहेत त्यालाच असतो. वर्गणीच्या पावतीपुस्तकाला कमी लेखणाऱ्या कार्यकर्त्याने ‘किन्कान्शोकु’ची सुरुवात आठवावी. त्या कथेत पहिला पैसा पक्षाच्याच निवडणुकीत फिरला. धरण नंतर आले.

ग्रहण लागले की पाण्यात उभे राहून ते सुटण्याची वाट पाहण्याची रूढी जुनी आहे. राजकारणातले ग्रहण तसे सुटत नाही. आकाशातल्या ग्रहणाला वेळापत्रक असते. हे ग्रहण ज्यांनी लावले ते ते आपण होऊन कधीच सोडणार नाहीत. ते सोडविण्याचे काम गल्लीतल्या शाखेपासून सुरू होते. तेथे चार आण्यांच्या वर्गणीचाही हिशेब फळ्यावर लिहिला जातो आणि तो वाचून कोणीही उठून प्रश्न विचारू शकतो.